बाक वाजवण्याचा हक्क

आमच्या गणित विभागात दर गुरुवारी दुपारी सेमिनार असतो आणि त्याला एकच कायदा आहे. बोलणाऱ्याच्या तोंडून किंवा खडूतून "हे उघड आहे" असं निघालं, की ऐकणाऱ्यांपैकी कुणीही बाकावर बोटांच्या पेरांनी वाजवायचं. वाजवणाऱ्याने कारण द्यायचं नाही. बोलणाऱ्याने तिथेच थांबून, ते उघड कसं आहे हे सिद्ध करून दाखवायचं. "क्लिअरली" किंवा "ऑब्व्हियसली" म्हटलं तरी सूट नाही. वाक्य दुसऱ्या कुणाच्या लेखातून उचललेलं असेल आणि तो दुसरा माणूस खोलीतच बसलेला असेल, तर त्याने उठून फळ्यापाशी यायचं.

ही शेवटची तरतूद मी तिथे असताना एकदाच वापरली गेली. त्या गुरुवारी आपाची पीएच.डी. पणाला लागली होती.

कायदा आमच्या विभागप्रमुख सरांनी केलेला. ते तरुणपणी इथे शिकवायला आले तेव्हापासूनचा. पाहुण्या वक्त्यांना व्याख्यानाआधी चहावर त्याची कल्पना दिली जायची. बहुतेक जण हसायचे. पुण्याहून आलेले एक नामवंत प्राध्यापक असेच हसले आणि अर्ध्या व्याख्यानात बाक वाजल्यावर त्यांना वाटलं, कुणीतरी दार ठोठावतंय. "या, आत या," म्हणाले. मग समजलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि कोट काढून खुर्चीवर ठेवला. त्या दिवशी चहा दुसऱ्यांदा गरम करावा लागला.

सवय खोलीत राहिली नाही. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं, आज मासे महाग असणार हे उघड आहे, की टेबल वाजायचं. माझ्या वर्गातला गुहागरचा एक मुलगा सुट्टीत घरी गेला, तेव्हा जेवताना वडील म्हणाले, "शिक्षण झालं की सुपारीची बाग तूच बघायची, यात बोलण्यासारखं काय आहे?" त्याने ताटाशेजारी पाटावर वाजवलं. वडिलांना अर्थ कळला नाही. त्यांनी आईला सांगितलं, त्याला आमटी वाढ.

मी लांज्याची. आई काजूच्या कारखान्यात, आणि वडील त्याच कारखान्यातल्या बायकांच्या संघटनेचं काम करणारे. घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे पुष्कळ. वडील लिहायचे, आई स्टँडवर वाटायची आणि मी घड्या घालायचे. वाचायला शिकले तेही पत्रकांवरच. त्यामुळे एमएस्सीला रोज लांज्याहून रत्नागिरीला येऊ लागले, तेव्हा अन्याय दिसला की त्यावर कागद काढायचा, एवढी एकच रीत मला माहीत होती.

पहिला अन्याय लगेच सापडला. सेमिनारच्या खोलीत पहिल्या रांगेत गादीच्या खुर्च्या होत्या आणि मागे लाकडी बाक. मी पत्रक लिहिलं आणि सूचनाफलकावर लावलं. सुरुवात अशी होती: "सर्वांना ठाऊकच आहे की गादीच्या खुर्च्या प्राध्यापकांसाठी राखीव आहेत." सर मधल्या सुट्टीत आले, चष्मा वर करून सगळं वाचलं आणि पहिल्या ओळीवर, थेट फलकाच्या काचेवर, बोटांनी वाजवलं.

"कोणी लिहिलंय?"

"मी."

"सर्वांना म्हणजे कोणाला? मला ठाऊक नाही. सिद्ध कर."

मला राग आला. अन्याय डोळ्यांसमोर असताना पुरावा मागणारे लोक आमच्या घरी चांगल्या माणसांत मोजले जात नसत. पण मी पुढचे काही गुरुवार मागे बसून पाहिलं. एकदा बाक भरले होते, तीन मुलं भिंतीला टेकून उभी राहिली आणि दोन गादीच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. मी ते तसंच, विशेषणं न लावता लिहिलं आणि जुन्या कागदावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सरांनी खुर्च्या मागच्या भिंतीला लावून घेतल्या. प्राध्यापक बाकांवर आले. एका मॅडमनी घरून उशी आणायला सुरुवात केली.

तेव्हापासून मला हा कायदा विभागातली सगळ्यात न्याय्य गोष्ट वाटू लागला. आमच्याकडे प्रोजेक्टर धड चालत नव्हता आणि ग्रंथालयात नवी नियतकालिकं येणं बंद झालं होतं. पण पहिल्या वर्षाची मुलगी विभागप्रमुखांना थांबवू शकते असं दुसरं ठिकाण मी पाहिलेलं नव्हतं.

आता आपाबद्दल. ती माझ्याहून बरीच मोठी, रत्नागिरीतल्याच राजिवड्याची, गावातल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची आणि सरांकडे पीएच.डी. करायची. तिची धाकटी बहीण आमच्या विभागात शिकून गेली होती, ती 'आपा' म्हणायची म्हणून सगळे आपाच म्हणायचे, सरसुद्धा. तिचं काम ग्राफवरचं. ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांतल्या काहींना जोडणाऱ्या रेषा. बोलताना आम्ही त्याला जाळं म्हणायचो. एका पाहुण्याने तिला विचारलं होतं, "किनाऱ्यावरच्या तुम्ही, जाळी घरातच पाहिली असतील, त्यातून विषय सुचला का?" आपा म्हणाली, "आमच्या घरी कोणी मासे धरत नाही. अब्बा कुवेतला एसी दुरुस्त करायचे. त्यातून काही सुचलं नाही."

सर वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. प्रबंध सादर करण्याआधी विभागात खुलं व्याख्यान द्यावं लागतं, बाहेरचे दोन परीक्षक येतात, ते पसंत पडलं तर गाईडच्या सहीने पुढचा रस्ता मोकळा होतो. आपाचं हे व्याख्यान सरांच्या शेवटच्या महिन्यात ठरलं. ते पार पडलं तर ठीक. नाही पडलं तर सर गेल्यावर नवा गाईड शोधायचा, आणि तिच्या विषयातला गाईड मुंबईशिवाय कुठे नव्हता. तिला कॉलेज होतं, घरी आजारी अम्मी होती आणि भाऊ मस्कतला. मुंबईला दर महिन्याला कोण जाणार?

व्याख्यानाच्या आधीच्या आठवड्यात तिने मला सरावाला बोलावलं. रिकामी खोली, ऐकणारी मी एकटी. तिने फळ्यावर मुख्य प्रमेय लिहिलं आणि सिद्धता सुरू केली. रीत साधी होती. विशिष्ट अट पाळणारं लहानात लहान जाळं घ्यायचं, त्यासाठी प्रमेय खरं आहे हे दाखवायचं, मग त्यात एकेक बिंदू वाढवत जायचं आणि दर पायरीला प्रमेय टिकतं हे दाखवायचं. म्हणजे सगळ्या जाळ्यांसाठी झालं.

"आणि अट पाळणारं प्रत्येक मोठं जाळं असंच एकेक बिंदू जोडून मिळतं, हे उघड आहे. संदर्भ, सरांचा लेख," असं म्हणून ती पुढे निघाली.

माझ्या हाताने सवयीने बाक वाजवला.

"अगो, सराव चाललाय."

"मग आज जमायला काहीच हरकत नाही."

ती हसली आणि फळ्याकडे वळली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग खडू हातात धरून उभी राहिली. "हे सरांचं आहे," म्हणाली. "छापून आलेलं आहे. मी शिकत होते तेव्हापासून सगळे वापरतात."

"आमच्या घरी रोज काहीतरी छापून यायचं, आपा."

"तू गप्प बस जरा."

तिने त्या दिवशी सराव तिथेच थांबवला.

सोमवारी तिने मला तिच्या कॉलेजात बोलावलं. स्टाफरूममध्ये एका उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर एक जाळं काढलेलं होतं. दिसायला देखणं, दोन पंचकोन एकमेकांत अडकल्यासारखं. "हे अट पाळतं," ती म्हणाली. "आता यातला एक बिंदू काढ. कुठलाही."

मी एक काढला. अट मोडली. दुसरा काढला, मोडली. प्रत्येक बिंदू काढून पाहिला. म्हणजे हे जाळं अट पाळणाऱ्या कुठल्याही लहान जाळ्याला एक बिंदू जोडून मिळणारं नव्हतं. ते एकदम, अख्खंच अस्तित्वात येतं. सरांचं वाक्य खोटं होतं, आणि आपाचं प्रमेय त्यावरच उभं होतं.

ग्राफवर काम करणारे लोक ही चूक करतात. लहानापासून मोठं बांधत जाण्याची इतकी सवय होते की सगळी मोठी जाळी तशीच बांधली जातात असं वाटू लागतं. मी तोवर ती चूक पुस्तकात वाचली होती, कुणाच्या आयुष्यात पाहिली नव्हती.

"सरांना सांगितलंत?"

"गेले होते सकाळी. ते केबिनमध्ये पुस्तकं बांधत होते. मी म्हटलं, सर, त्या पायरीबद्दल बोलायचंय. तर म्हणाले, आधीच सांगितलंस तर गुरुवारी मी काय ऐकू? तिथेच बोल."

हे सरांचं नेहमीचं होतं. विद्यार्थ्याचं व्याख्यान ते आधी कधी ऐकत नसत. त्यांच्या मते आधी ऐकलेला गाईड खोलीत बसून मान डोलावण्यापलीकडे काही करत नाही.

"मग गुरुवारी सांगा," मी म्हटलं.

"परीक्षकांसमोर?"

"कायदा त्यासाठीच आहे ना? तुम्ही नाही बोललात तर मी वाजवेन."

आपाने पेन बंद करून ठेवलं. "वाजव की. हक्क आहे तुझा. पण मला धमकी देऊ नको, मी काजूचा मालक नाही. तुझं काय जाणार आहे त्या दिवशी? तू वाजवशील, घरी जाऊन अम्मीला औषध मी देणार आणि मुंबईच्या गाडीचं आरक्षण मी शोधणार."

"म्हणजे ती ओळ तशीच वाचणार तुम्ही?"

"असं म्हटलं मी?"

"नाही."

"मग. न म्हटलेलं कशाला ऐकतेस?"

मी लांज्याला परत येताना गाडीत मनातल्या मनात एक अख्खं पत्रक लिहिलं, सत्य आणि भीती या विषयावर. कागदावर उतरवलं नाही. तिच्या अम्मीच्या औषधाचं त्यात कुठे बसवायचं ते समजत नव्हतं.

गुरुवारी खोली भरली. कोल्हापूरहून आलेले परीक्षक गंभीर, दर वाक्याला "हां" म्हणणारे. मुंबईच्या परीक्षक बाई कमी बोलणाऱ्या, हातात पेन्सिल. सर त्यांच्या नेहमीच्या जागी, खिडकीशेजारच्या बाकावर. मी तिसऱ्या बाकावर, आणि माझी मूठ आधीपासूनच बाकावर ठेवलेली.

आपा नेहमीसारखीच बोलत होती, थोडं भरभर. व्याख्या झाल्या, लहान जाळी झाली. मग तिने ती ओळ फळ्यावर पूर्ण लिहिली, सरांच्या लेखातली जशीच्या तशी. "यापुढे लेखात म्हटलंय, हे उघड आहे," तिने वाचून दाखवलं. खडू खाली ठेवला, टेबलापाशी आली आणि टेबलावर वाजवलं.

कोल्हापूरचे परीक्षक मागे वळून पाहू लागले. "कोणी वाजवलं?"

"मी, सर."

"बोलणाऱ्यानेच? तसं चालतं का तुमच्याकडे?"

आपाने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "ऐकणाऱ्यांपैकी कुणीही, असं आहे. ती आपलं बोलणं ऐकत नाही असं कुठे आहे?" मग ते उठले. "लेख माझा आहे. मला यायला पाहिजे."

ते सावकाश फळ्यापर्यंत आले, आपाने त्यांच्या हातात खडू दिला. त्यांनी ओळ वाचली, जणू पहिल्यांदाच. "मोठं जाळं घ्या," ते बोलू लागले. "त्यातला एक बिंदू काढा, असा की उरलेल्यात अट टिकेल. तो सापडला की झालं."

आपाने फळ्याच्या दुसऱ्या बाजूला तिचं जाळं काढलं. घाई नव्हती. "यातला कुठला काढू, सर?"

सर जाळ्यापाशी गेले. वरचा बिंदू अंगठ्याने पुसला, रेषा मोजल्या, बिंदू परत काढला. शेजारचा पुसला. परत काढला. मुंबईच्या बाई आपल्या कागदावर तेच करत होत्या, पेन्सिलीचा आवाज येत होता. सरांनी सगळे बिंदू पाहिले. एक पाहून झाला होता तो पुन्हा पाहिला. शेवटी त्यांचा अंगठा पांढरा झाला आणि जाळं धुरकट दिसू लागलं.

"कधी सापडलं हे?"

"रविवारी."

"सोमवारी हेच सांगायला आली होतीस?"

"हो."

सरांनी मान हलवली आणि परीक्षकांकडे वळले. "माझं वाक्य चूक आहे. म्हणजे हिचं प्रमेय पडलं. किती पडलं ते पाहू."

पुढचा बराच वेळ ते पाहण्यात गेला, आणि त्या खोलीत मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं व्याख्यान तेच. सर, आपा आणि नंतर मुंबईच्या बाई, तिघं फळ्यापाशी. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, जाळ्यात पंचकोन नसतीलच तर? बाईंनी तिला पुढे बोलावलं. पंचकोन नसलेल्या जाळ्यांसाठी तरी प्रमेय टिकेल असं दिसत होतं. आधी होतं त्याहून बरंच लहान. आपाने ते लिहून घेतलं.

मग परीक्षक व्हरांड्यात गेले. आम्ही आत थांबलो. माझी मूठ अजून बाकावरच होती, ती मी उचलली. परत आल्यावर बाई म्हणाल्या, "काम प्रामाणिक आहे. पण जे सादर करायला आलात ते आज उभं नाही. लहान प्रमेय पूर्ण लिहा आणि पुन्हा व्याख्यान द्या." पुन्हा म्हणजे सर गेल्यानंतर. ते सगळ्यांना समजलं होतं.

पुढचं आधी सांगून टाकते. नव्या गाईडची मंजुरी यायला पावसाळा उलटला. गाईड मुंबईचा, त्याच बाईंच्या विभागातला. आपा आता सुट्ट्यांत जाते आणि तेवढे दिवस अम्मीपाशी धाकटी बहीण राहते. लहान प्रमेय पूर्ण झालं आहे, पदवी अजून नाही. सरांनी ज्या नियतकालिकात लेख छापला होता तिथे दुरुस्ती पाठवली. ती अर्ध्या पानाची आहे. अमुक पानावरचं विधान चूक आहे, उदाहरण खाली दिलं आहे, ते माझ्या विद्यार्थिनीने शोधलं. खाली तिचं नाव. मी ते पान घरी नेऊन आईला दाखवलं आणि मराठीत सांगितलं. तिने विचारलं, "हे त्यांच्याकडून कोणी लिहून घेतलं?" मी म्हटलं, कोणीच नाही. तिने कागद परत उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. आमच्या घरातून इतकी पत्रकं गेली, त्यांत कधी मागच्या पत्रकातली चूक छापलेली आम्हा दोघींना आठवली नाही. कारखान्याच्या मालकाने आपली चूक छापली असती तर आम्ही तिला विजय म्हटलं असतं.

तर त्या गुरुवारी. आमच्याकडे व्याख्यान देणाऱ्यानेच चहा द्यायचा असतो. आपाने सगळ्यांना दिला, परीक्षकांना आधी, मग मुलांना, शेवटी सरांना. सर खिडकीशी उभे होते, अंगठ्याला अजून खडू. आपा म्हणाली, "सर, फॉर्मवर सही."

"हो, करतो की. 'मंजूर नाही'च्या खाली करायची ना?"

"हो."

"शेवटच्या महिन्यातली पहिली सही आणि तीही अशी," असं म्हणत त्यांनी केली. "नियम कुणी केला होता गं हा?"

"तुम्हीच."

"तरुण होतो," सर म्हणाले आणि चहा प्यायले.

आम्ही दोघी एकाच बसने निघालो. गाडी मिरजोळ्याकडून येते, त्यामुळे एमआयडीसीतून सुटलेल्या बायकांनी भरलेली होती. आम्हाला मागे जागा मिळाली. आपाने फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला होता आणि पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

"अम्मीने आज शेवया केल्या असणार," ती म्हणाली. "संध्याकाळी भावाचा फोन येईल. सगळे वाट बघतायत. काय सांगू घरी?"

"जे झालं ते सांगा. खरं तेच सांगायचं. ते तर उघड आहे."

आपाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने समोरच्या सीटच्या दांडीवर बोटांनी वाजवलं.

मी सिद्ध करायला सुरुवात केली. विभागात खरं बोललात मग घरी का नाही, असं म्हटलं. ती म्हणाली, तिथे ऐकायला आलेले लोक होते. मी म्हटलं, खोटं उद्या उघडकीला येईल. ती म्हणाली, अम्मीला फॉर्म वाचता येत नाही. मी अब्बांचं नाव काढलं, मग माझ्या वडिलांचं, मग सरांचं. प्रत्येक वेळी ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हे झालं. पण यातून ते कसं निघतं?"

शेजारच्या सीटवरच्या बाई आमच्याकडे बघत होत्या. स्टँड येईपर्यंत मला जमलं नाही. मला लांज्याची गाडी पकडायची होती, म्हणून मी उतरले. आपा पुढे राजिवड्याला गेली.